तापात काढलेल्या रिपोर्टमधे झिंक आणि व्हिटॅमिन ए कमी आलं, सिरप चालू करू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी परत मांडते म्हंजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा साडेतीन वर्षांचा, जूनमधे प्लेग्रुप चालू झाला तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी सर्दी खोकला ताप, मागच्या आठवड्यात १०२ ताप असताना कुठल्याशा पॅकेजमधे रक्त तपासलं त्यात झिंक ५४ आलं आणि व्हिटॅमिन ए पण लो, मेडिकलवाल्याने झिंकचं सिरप दिलं, रोज एक चमचा, "चालूच ठेवा" म्हणून, आणि अमेरिकेतल्या आत्याने व्हिटॅमिन ए च्या गमीज पाठवल्यात. दोन्ही लेव्हल वर आणल्या तर इम्युनिटी वाढेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, २४ वर्षं झाली. पहिली सहा वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला एका ग्रामीण रुग्णालयात काढली, आता शहरात प्रॅक्टिस करते. दोन्हीकडे याच दोन गोष्टींवर बोलावं लागतं पण अगदी उलट कारणांसाठी. तिकडे "हे द्या, द्याच" म्हणून मागे लागावं लागायचं आणि इकडे "नका हो देऊ" म्हणून.

तुमच्या मुलाच्या बाबतीत सांगायचं तर तापात काढलेल्या त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून काहीही चालू करू नका. का ते नीट सांगते, आणि त्यासाठी आधी खरी कमतरता कशी दिसते ते सांगावं लागेल, कारण ती एकदा बघितली की हा विषय टॉनिकच्या जाहिरातीसारखा वाटत नाही.

माझ्या पहिल्याच वर्षी एका पाड्यावरून अडीच वर्षांचा मुलगा आला होता, गोवर येऊन आठवडा झालेला, न्यूमोनिया, वजन साडेसात किलो, आणि डोळे घट्ट मिटलेले. आई म्हणाली गोवर यायच्या आधीपासूनच दिवस मावळला की हा माझा पदर सोडत नव्हता, भाकरीचा तुकडा समोर ठेवला तर हाताने चाचपडायचा. घरच्यांना वाटलं अंधाराला घाबरतो. तो रातांधळेपणा होता. पापण्या उघडून बघितलं तर एका डोळ्याचं बुबुळ पांढरं, मऊ पडलेलं. व्हिटॅमिन ए चे डोस दिले, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सगळं केलं, मूल वाचलं, दुसरा डोळा वाचला, पहिला गेला. त्या मुलाला नऊ महिन्यांचा असताना व्हिटॅमिन ए चा जो एक चमचा मिळायला हवा होता तो मिळाला नव्हता, गोवराची लसही नाही. आजही गोवराचं मूल आलं की मी आधी डोळे बघते.

डोळा हे फक्त वरून दिसणारं लक्षण. आतमधे काय चाललंय ते जगाला नीट समजलं ते आल्फ्रेड सोमर नावाच्या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरमुळे. ते इंडोनेशियात मुलांचं आंधळेपण अभ्यासत होते (तिथे रातांधळ्याला 'कोंबडीचं आंधळेपण' अशा अर्थाचा शब्द आहे, कारण कोंबडीला अंधारात दिसत नाही), आणि आकडे मांडताना त्यांच्या लक्षात आलं की ज्या मुलांना नुसता रातांधळेपणा किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग आहेत ती मुलं बाकीच्यांपेक्षा सरासरी चौपट मरतायत, आणि मरतायत ती जुलाबाने, न्यूमोनियाने. हे १९८३ साली छापून आलं, लोकांना पटलं नाही, मग त्यांनी सुमात्रातल्या आचे भागात ४५० गावांमधे पंचवीस हजारांवर मुलं घेऊन ट्रायल केली, निम्म्या गावांत सहा महिन्यांनी एकदा व्हिटॅमिन ए चा मोठा डोस दिला. १९८६ साली निकाल आला, डोस मिळालेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे तमिळनाडूत १९९० साली छापलेल्या ट्रायलमधे तर दर आठवड्याला छोटा डोस देऊन मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याच वर्षी केपटाऊनमधून गोवराच्या १८९ मुलांचा अभ्यास आला, १२ मुलं गेली त्यातली १० व्हिटॅमिन ए न मिळालेल्या गटातली होती. म्हणून आजही गोवर आला की सलग दोन दिवस व्हिटॅमिन ए देतात, एक वर्षावरच्या मुलाला प्रत्येक वेळी २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. २०२२ साली मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हाही लसीच्या बरोबरीने हेच डोस दिले गेले.

आता हे होतं कसं. आपलं नाक, घसा, श्वासनळ्या, फुफ्फुसं, आतडी, या सगळ्याला आतून एक ओलसर अस्तर असतं आणि त्यात चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी असतात. हे अस्तर सारखं झिजतं आणि सारखं नवीन बनतं, मातीच्या भिंतीला दरवर्षी लिंपावं लागतं ना, तसं, फक्त इथे ते काम काही दिवसांत परत परत चालतं. नवीन पेशीने ओलसर अस्तराची पेशी व्हायचं की कातडीसारखी कोरडी टणक पेशी व्हायचं, हे ठरवायला व्हिटॅमिन ए पासून बनणारं रेटिनोइक ॲसिड लागतं. ते नसलं की अस्तर कोरडं पडतं, स्राव कमी होतो, भेगा पडल्यासारखं होतं आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. दुसरं काम त्याहून बारीक आहे. आतड्याजवळच्या गाठींमधे पांढऱ्या पेशी तयार होतात तेव्हा "तुला परत आतड्याच्या अस्तराकडेच जायचंय" हा पत्ता त्यांच्यावर रेटिनोइक ॲसिडच लिहितं, आणि तिथे पाझरणारी आयजीए नावाची अँटिबॉडी बनवायलाही ते लागतं. म्हंजे भिंत पण तेच लिंपतं आणि त्या भिंतीवर राखणदार पण तेच पाठवतं. कमतरतेतल्या मुलाचा साधा जुलाब जिवावर का बेततो ते यावरून कळेल.

झिंकची गोष्ट वेगळी आहे. १९५८ साली इराणमधल्या शिराझला डॉ. आनंद प्रसाद (मूळचे आपल्या बिहारचे) यांच्यापुढे एक २१ वर्षांचा माणूस आणला, दिसायला दहा वर्षांचा मुलगा, दाढीमिशी नाही, प्रचंड ॲनिमिया, जेवण म्हंजे जवळजवळ नुसती न आंबवलेली रोटी आणि सोबत माती खायची सवय. तसे आणखी रुग्ण सापडले आणि त्यातले बरेच पंचविशीच्या आतच इन्फेक्शनने मरायचे. त्यातून पुढे प्रसादांनी मांडलं की माणसाला झिंकची कमतरता होते, आणि तोपर्यंत वैद्यकशास्त्र ते मानतच नव्हतं. शरीरातली शेकडो एन्झाइम्स झिंकवर चालतात, आणि पेशी जिथे भराभर दुप्पट व्हायच्या असतात तिथे ते आधी लागतं: मुलाची वाढ, आतड्याचं अस्तर, जखम भरणं आणि पांढऱ्या पेशी. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तिथे तयार होऊन बाहेर पडतात, झिंक नसलं की ती आक्रसते. तिच्यातलं थायम्युलिन नावाचं हार्मोन झिंक जोडल्याशिवाय कामच करत नाही. एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे ज्यात आतडं झिंक शोषूनच घेत नाही, त्या बाळांना तोंडाभोवती आणि शी-शूच्या जागी लालभडक चट्टे, जुलाब, केस गळणं आणि इन्फेक्शनवर इन्फेक्शन होतं. मी असं एकच बाळ बघितलंय, आणि झिंक चालू केल्यावर आठवड्याभरात ते जे खुललं ते मी विसरणार नाही.

या दोघांमधला एक फरक पक्का लक्षात ठेवा कारण त्यावर सगळा उपचार ठरतो. व्हिटॅमिन ए कणगीतल्या धान्यासारखं आहे, लिव्हरमधे साठतं आणि महिनोन्महिने पुरतं. म्हणून तर सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांतून एकदा २ लाख युनिट देऊन भागतं. हिशोब करून बघा, २ लाख भागिले १८० दिवस म्हंजे रोजचे साधारण ११०० युनिट, मुलाच्या रोजच्या गरजेच्या आसपासच. झिंकचं घर मात्र हातावर पोट असणारं. साठवणीची जागा अशी नाहीच, रोज आणायचं रोज खायचं, आणि जुलाब लागले की आहे तेही वाहून जातं. म्हणून झिंकचा सहामाही डोस असा प्रकारच नाही.

आणि दोघं एकमेकांत अडकलेलेही आहेत. लिव्हरमधून व्हिटॅमिन ए बाहेर काढायला एक वाहक प्रोटीन लागतं आणि ते प्रोटीन बनायला झिंक लागतं. कुपोषित मुलात कणगीत थोडं धान्य असतं पण काढून द्यायला घरात माणूस नाही अशी गत होते. नेपाळमधे रातांधळेपणा असलेल्या गरोदर बायांवर अभ्यास झाला होता, ज्यांचं झिंक कमी होतं त्यांना व्हिटॅमिन ए सोबत झिंक दिल्यावर नजर जास्त चांगली परत आली.

आता तुमचा रिपोर्ट. ताप आला, इन्फेक्शन झालं की शरीर स्वतःहून रक्तातलं झिंक ओढून लिव्हरमधे नेतं. हे बिघाड म्हणून होत नाही, मुद्दाम केलेलं असतं, कारण जंतूंनाही वाढायला झिंक लागतं आणि ते त्यांच्या हाती लागू नये. पांढऱ्या पेशी तर असं एक प्रोटीन सोडतात जे जखमेच्या जागेवरचं झिंक धरून बसतं. त्याच वेळी व्हिटॅमिन ए चं ते वाहक प्रोटीन लिव्हर कमी बनवतं. परिणाम असा की १०२ ताप असलेल्या कुठल्याही धडधाकट मुलाचं रक्त काढा, झिंक आणि व्हिटॅमिन ए दोन्ही खाली दिसायची भरपूर शक्यता, आणि ताप गेला की दोन्ही आपोआप वर. म्हणून मोठ्या सर्व्हेत सीआरपी (अंगात इन्फेक्शन असलं की वाढणारं रक्तातलं प्रोटीन) पण तपासतात आणि इन्फेक्शनवाली मुलं हिशोबातून वेगळी काढतात. झिंकच्या नमुन्याचे तर नखरे आणखी आहेत, सकाळचं आणि संध्याकाळचं वेगळं येतं, जेवणानंतर वेगळं, साध्या ट्यूबच्या रबरी बुचातलं झिंक मिसळलं की वेगळं. लहान मुलात सकाळी ६५ च्या खाली गेलं तर कमी धरतात पण ते निरोगी असताना, नीट ट्यूबमधे घेतलेल्या रक्तात. तुमचा ५४ हा आकडा त्या आजारपणाचा फोटो आहे, मुलाच्या खाण्यापिण्याचा नाही.

मग कमतरता आपल्याकडे नसतेच का? असते, बरीच असते. २०१६ ते १८ मधे देशभर मुलांचा पोषण सर्व्हे झाला त्यात १ ते ४ वर्षांच्या मुलांत व्हिटॅमिन ए ची कमतरता सुमारे १८ टक्के आणि झिंकची १९ टक्के निघाली, आणि दहाच्या पुढच्या मुलामुलींत झिंकची सुमारे ३२ टक्के. हा शेवटचा आकडा मला जास्त टोचतो कारण वयात येणाऱ्या मुलींच्या खाण्याकडे घरात कोणाचं लक्ष नसतं आणि त्यांच्यासाठी कोणी रिपोर्टही काढत नाही.

पण कमतरता भरून काढणं वेगळं आणि "इम्युनिटी वाढवणं" वेगळं. रिकाम्या कणगीत धान्य टाकलं तर घर उपाशी राहत नाही. भरलेल्या कणगीवर आणखी ओतलं तर ते सांडतं, कुजतं. व्हिटॅमिन ए च्याच ट्रायल्स बघा, आचेत ३४ टक्के फायदा आणि उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर केलेली मोठी ट्रायल २०१३ साली छापली गेली त्यात मृत्यू फक्त ४ टक्क्यांनी कमी, तोही फरक योगायोगाचा असू शकेल इतकाच. त्यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे, डोस खरंच सगळ्यांपर्यंत पोचले का वगैरे. माझं स्वतःचं मत असं की जिथे गोवर आहे, कुपोषण आहे, हिरवा पाला आणि अंडं ताटात नाही तिथे हा चमचा चुकवणं हा गुन्हा आहे, आणि जिथे मूल दूध, अंडी, आंबा, गाजर खातंय, लसी पूर्ण आहेत, वजन वाढतंय, तिथे त्याने सर्दीत काडीचा फरक पडणार नाही.

झिंकचंही तसंच. जुलाबात झिंक म्हंजे सोनं, दिल्लीत झालेल्या ट्रायलने १९९५ सालीच ते दाखवलं आणि २००४ पासून डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ ओआरएससोबत झिंक द्या असं सांगतात. आपल्याकडे सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी रोज एक, १४ दिवस. इथे एक कळकळीची विनंती सगळ्याच आईबापांना, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या बंद करू नका, ते १४ दिवस पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळण्यासाठी असतात. चव धातूसारखी लागते, रिकाम्या पोटी उलटी होते, म्हणून काहीतरी खाऊन झाल्यावर द्या. पण नुसत्या सर्दीसाठी महिनोन्महिने झिंक, याला माझ्यालेखी आधार नाही. कोविडमधे लोकांनी ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या वर्षभर चघळल्या, आणि अमेरिकेत त्या वेळी घरी असलेल्या रुग्णांवर ट्रायल झाली त्यात झिंक आणि व्हिटॅमिन सी ने काहीच फरक पडला नाही.

जास्त झालं तर काय होतं ते कोणी सांगत नाही म्हणून सांगते. झिंक जास्त दिवस जास्त दिलं की आतडं तांबं शोषायचं कमी करतं, आणि तांबं कमी पडलं की ॲनिमिया होतो आणि पांढऱ्या पेशी घटतात. ज्या इम्युनिटीसाठी दिलं तीच कमी होते. तुमच्या मुलाच्या वयाला रोजची गरज ३ ते ४ मिलिग्रॅमच्या आसपास आणि रोज कायम घ्यायची वरची मर्यादा ७ मिलिग्रॅम मानतात. तुमच्या सिरपच्या बाटलीवर बघा, ५ मिलीत २० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर रोजचा एक चमचा म्हंजे त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट. १४ दिवस जुलाबात हे चालतं, "चालूच ठेवा" चालत नाही.

गमीजचं आणखी जपा. त्या गोड असतात आणि मूल डबा शोधून दहा खातं. तीन वर्षांच्या मुलाला तयार व्हिटॅमिन ए ची रोजची वरची मर्यादा ६०० मायक्रोग्रॅम, म्हंजे २००० युनिट. लेबलवर कधी युनिट असतात कधी मायक्रोग्रॅम, १ मायक्रोग्रॅम म्हंजे ३.३३ युनिट एवढं ध्यानात ठेवून हिशोब करा. रोज जास्त गेलं तर लिव्हरला सूज, डोकेदुखी, उलट्या, हाडं दुखणं. २०२५ साली टेक्सासमधे गोवराची साथ आली तेव्हा घरच्याघरी व्हिटॅमिन ए पाजलेल्या काही मुलांचं लिव्हर बिघडलेलं तिथल्या डॉक्टरांनी बघितलं. आणि तुम्हाला दुसरी गुड न्यूज असेल किंवा विचार असेल तर तुम्ही स्वतः त्या गमीज अजिबात खाऊ नका, पहिल्या महिन्यांत जास्त रेटिनॉल (म्हंजे तयार व्हिटॅमिन ए) बाळाला अपाय करतं. आत्याला नाकात मारायचे झिंकचे स्प्रेही पाठवू नको म्हणावं, वास जाण्याच्या तक्रारींवरून २००९ साली अमेरिकेच्या एफडीएने तसल्या सर्दीच्या औषधांबद्दल इशारा दिला होता.

खाण्यातून मात्र बिनधास्त द्या. भोपळा, गाजर, पपई, आंबा, राजगिऱ्याची पालेभाजी, लाल माठ, शेवग्याचा पाला यातलं केरोटिन शरीर गरजेपुरतंच व्हिटॅमिन ए मधे बदलतं, जास्त झालं तर तळवे पिवळे दिसतील एवढंच. फक्त तेलाचा हात आखडू नका, कोरडी उकडलेली भाजी असेल तर ते नीट शोषलं जात नाही. भोपळ्याचे घारगे मुलं आवडीने खातात. अंड्याचा बलक आणि आठवड्या-पंधरवड्यातून थोडी कलेजी, खात असाल तर, यात तयार व्हिटॅमिन ए आणि झिंक दोन्ही. कोकणातल्या लोकांना मी हेवा वाटून सांगते की कालवांइतकं झिंक दुसऱ्या कुठल्याच रोजच्या खाण्यात नाही. शाकाहारी घरात झिंक डाळी, शेंगदाणे, तीळ, काजू, ज्वारी-बाजरी यात असतं पण त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, शिराझच्या त्या माणसाच्या रोटीत तेच तर होतं. त्यावर आपल्या आज्यांनी आधीच उपाय करून ठेवलाय, मोड आणणं, भिजवणं, आंबवणं. मोडाची मटकी, नाचणीचं सत्व, आंबील, इडली, यात फायटेट कमी होतं आणि झिंक मोकळं होतं. जेवणावर लगेच चहा नको, आणि लोहाचं टॉनिक चालू असेल तर ते आणि झिंक एकाच वेळी नको.

सर्दीबद्दल सांगायचं तर पहिल्यांदा शाळेत जायला लागलेल्या मुलाला वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-ताप होणं नॉर्मल आहे, पहिल्या वर्षी त्याहून थोडं जास्तही, आणि दोन आजारांच्या मधे मूल खेळतंय, खातंय, वजन वाढतंय तर त्याची इम्युनिटी शिकतेय. काळजी कधी करायची? वर्षात दोनदा न्यूमोनिया, सारखा कान वाहणं, मोठी गळवं परत परत येणं, तोंडातला पांढरा थर जातच नाही, जुलाब दोन आठवडे थांबत नाहीत, वजनाचा काटा महिनोन्महिने तिथेच, संध्याकाळी अडखळणं, घरात कोणी मूल लहानपणी इन्फेक्शनने गेलेलं असणं. यातलं एकही असेल तर मेडिकलवर जाऊ नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिथे प्रश्न झिंकच्या पलीकडचा असू शकतो.

यातलं काहीच नसेल तर सिरप आजच थांबवा, गमीज उंच ठेवा. परत तपासणी करायचीच असेल तर मूल पूर्ण बरं होऊन चार-सहा आठवडे गेल्यावर, सकाळी, सीआरपीसोबत करा, पण मला विचाराल तर सुई टोचायची गरज नाही, वजन-उंचीचा तक्ता पुरेसा बोलतो. आणि लसीकरणाचं कार्ड काढून बघा. त्यात व्हिटॅमिन ए च्या नऊ डोसांचे रकाने असतात, नऊ महिन्यांना पहिला १ लाखाचा, दीड वर्षाला दुसरा २ लाखांचा, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक. तुमच्या मुलाचा साडेतीन वर्षांचा रकाना आत्ताच येतोय. तो भरायचा असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत फुकट मिळतो, फक्त नर्सताईंना सांगा की मधे गमीज किती दिवस आणि किती खाल्ल्यात.